दुपारी निजता येईल

लेकीचं पत्र आलं तेव्हा मी ते हातात पेन्सिल घेऊन वाचलं. ही सवय चांगली नाही, हे मला ठाऊक आहे. एकतीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. त्यामुळे एका हातात कागद आला की दुसरा हात आपला आपण पेन्सिल शोधायला लागतो. पत्र दोन पानांचं होतं. त्यात चार चुका निघाल्या. दोन ऱ्हस्वदीर्घाच्या, एक अनुस्वार जास्तीचा आणि एके ठिकाणी अक्षर पडलेलं. चारही दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या, पत्राची घडी घातली, आणि मग लक्षात आलं की पत्रात लिहिलंय काय ते आपण वाचलंच नाही.

पुन्हा उघडलं. तिने लिहिलं होतं, बाबा, आता एकटे राहू नका. इकडे या, कायमचे. मागची खोली रिकामी केली आहे, पुस्तकांसाठी भिंतीत तीन फळ्या ठोकून घेतल्या आहेत. मी पुन्हा कामावर जायला लागले आहे, सकाळची पाळी असते. मुलांना पाळणाघरातून घेऊन घरी यायला एक वाजतो. तुम्ही घरात असलात तर दुपारी निजता येईल. फोनवर तुम्ही 'बघू' म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहिते आहे. उत्तरही लिहूनच पाठवा.

अक्षर पडलं होतं ते 'निजता'मध्ये. मी ज आणि ता यांच्यामध्ये खाली हंसपद काढलं, म्हणजे पडलेलं अक्षर इथे घाला असं सांगणारी ती टोकदार खूण, आणि वर बारीक 'व' लिहिला. दुपारी निजवता येईल. मुलांना, अर्थातच.

आणि तिथेच मी अडलो. मुलांना निजवणं हे माझं खातं कधीच नव्हतं. लेक लहान होती तेव्हा दुपारी मी छापखान्यात असे. एकदाच, तिची आई तापाने पडली होती म्हणून, मी तिला निजवायला घेतलं. तासाभराने हिने येऊन पाहिलं तर मी घोरत होतो आणि पोर माझ्या चष्म्याची काडी चघळत बसली होती. "कोणी कोणाला निजवलं म्हणायचं?" हे ही पुढे कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी खाली मान घालून हसायचो. खरंच होतं ते.

उत्तराचे मी सहा मसुदे केले. पहिल्यात 'येतो' लिहिलं. दुसऱ्यात 'येईन'. तिसऱ्यात 'येण्याचा विचार करतो आहे'. सहाव्यापर्यंत येता येता 'प्रकृती ठीक आहे, हवा कोरडी आहे' एवढंच उरलं. चूक एकाही मसुद्यात नव्हती. पाकीट मात्र पहिल्याच दिवशी तयार केलं होतं. पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि रिकामं पाकीट लेकीच्या पत्रासकट एका पुस्तकात ठेवलं. त्याला तीन महिने झाले.

ही जाऊन आता सात महिने झाले आहेत. लोक भेटायला आले, रडले, मी त्यांना पाणी आणून देत होतो. वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. अजूनही तसंच आहे. जीभ पोळली की चहा गरम होता हे कळतं, तेवढंच. याबद्दल तक्रार करावी असंही वाटत नाही.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. "बाबा, आम्ही तीन दिवस थीम पार्कला चाललोय. तुम्हीही चला." पत्राचा विषय तिने काढला नाही. मी "बघू" म्हणालो. "बघायचं काही नाही, तिकिटं काढलीत," ती म्हणाली आणि या वेळी फोन तिने ठेवला.

माझा जावई भूल देणारा डॉक्टर आहे. रोज सात-आठ धडधाकट माणसांना तो दहा आकडे मोजायच्या आत आडवं करतो. घरातली दोन पोरं मात्र त्याचं ऐकत नाहीत. थोरली साडेचार वर्षांची. आजीने तिचं नाव ठकी ठेवलं, तेच चालू आहे. धाकटा दीड वर्षाचा. झोप आली की तो नाकातून गुणगुणतो, म्हणून तो भुंगा.

जावयाने तीन दिवसांचं वेळापत्रक छापून आणलं होतं आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवलं होतं. त्यात 'दुपारी १ ते ३, झोप (दोघेही)' ही ओळ ठळक अक्षरात होती. सगळा डोलारा या ओळीवर उभा होता. कारण चार वाजता पार्कच्या मोठ्या रस्त्यावरून मिरवणूक निघायची आणि त्यात सर्वांत पुढे एक अस्वल असायचं. त्या अस्वलाशी हात मिळवायचा, हे ठकीने सहा महिन्यांपूर्वी ठरवलं होतं.

"दुपारी नीट झोपलीस तरच अस्वल," लेक तिला सांगायची. "झोप झाली नाही की चार वाजता किरकिर सुरू. मग कोण हात मिळवणार तुझ्याशी?"

"मी नाही किरकिर करत. भुंगा करतो."

"तू करतेस. वर जमिनीवर लोळतेस."

पहिल्या दिवशी वेळापत्रक साडेअकरालाच कोसळलं. फिरत्या घोड्यांच्या रांगेत भुंगा बाबागाडीत गुणगुणायला लागला आणि वीस मिनिटं झोपला. त्या वीस मिनिटांवर त्याचा दिवस भागला. एक ते तीन तो हॉटेलच्या खोलीत पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून माझ्या पिशवीवर चढत राहिला. तो झोपला नाही म्हणून ठकी झोपली नाही. साडेतीनला ती आइस्क्रीमच्या दुकानासमोर उभ्या उभ्या पेंगली, बापाच्या खांद्यावर गेली आणि मिरवणूक अगदी कानाशी वाजत गेली तरी तिने डोळा उघडला नाही. उठल्यावर अस्वल गेलं हे कळलं तेव्हा मात्र तिचा आवाज पार्कच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला असावा.

त्या संध्याकाळी लेक मुलांना आंघोळ घालत होती. जावई आणि मी हॉटेलच्या पायऱ्यांवर बसलो होतो.

"बाबा, एक बोलू का?"

"बोला ना."

"घरी राहून मुलं सांभाळणारी एक बाई मिळाली आहे. महिनाअखेरपर्यंत तिला हो-नाही कळवायचंय. मागची खोली तिला द्यावी लागेल." तो गळ्यातलं वेळापत्रक उगाच सरळ करत होता. "तुमची लेक तुम्हाला पुन्हा विचारणार नाही. एकदा लिहिलं म्हणते, बास."

"हं."

"हं म्हणजे काय समजायचं?"

"बघू," मी म्हणालो.

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. महिनाअखेरीला दहा दिवस होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी त्याला विचारलं, "भूल दिलेल्या माणसाला आत काय वाटत असेल हो?"

"काहीच नाही. तीन तासांनी उठतात आणि विचारतात, डॉक्टर, कधी सुरू करणार? मध्ये वेळ गेला हेही कळत नाही त्यांना." त्याने वेळापत्रक गळ्यातून काढलं. "लोकांना वाटतं मी झोपवतो. भूल म्हणजे झोप नाही, बाबा. झोपेतून उठलेल्याला निदान आपण झोपलो होतो हे कळतं."

मी त्यावर बराच वेळ विचार केला. विचार करता येतो, त्याची अडचण नाही.

दुसऱ्या दिवशी कामं वाटली गेली. लेक आणि जावई पाळीपाळीने मोठ्यांच्या राइडच्या रांगेत उभे राहणार आणि एक ते तीन खोलीत मी मुलांजवळ बसणार. "फक्त पडदे लावा आणि गोष्ट सांगा," लेक म्हणाली. माझी परीक्षा आहे असं ती म्हणाली नाही. तिच्या मनातही नसेल. पण मी ज्या जातीचा माणूस आहे त्याला कोणी घड्याळ विचारलं तरी परीक्षाच वाटते.

मी पडदे लावले. गोष्ट सांगायला लागलो. एका गावात एक वाचणारा माणूस होता, इथपर्यंत आलो आणि पुढे त्याने काय केलं ते सुचेना.

"तो काय वाचायचा?" ठकीने विचारलं.

"सगळंच."

"मग?"

"मग काही नाही. वाचत राहिला."

"ही गोष्ट नाहीये, आजोबा."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मग मी तिला भिंतीच्या कागदावरच्या होड्या दाखवल्या. निळ्या कागदावर बारीक पांढऱ्या होड्या छापल्या होत्या आणि जिथे दोन पट्टे जोडले होते तिथे एका होडीचं शीड दुसऱ्या होडीवर बसलं होतं. छापखान्यात अशी चूक दिसली की आम्ही गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवायचो. "अशा चुकलेल्या होड्या किती आहेत ते मोज," मी म्हणालो. मोजता मोजता झोप लागेल असा माझा अंदाज. ठकी मोजायला पलंगावर उभी राहिली. वरच्या होड्या दिसेनात म्हणून उड्या मारायला लागली. तिचं पाहून भुंगा उड्या मारायला लागला. भुंग्याला नीट उडता येत नाही; तो फक्त गुडघे वाकवतो आणि खाली बसतो, पण आवाज पुरेसा करतो.

अडीच वाजता लेक आली. दार उघडून तिने पाहिलं. मी पलंगाच्या कडेला दोन्ही हात पसरून उभा होतो, कोणी पडलं तर झेलायला.

"चौदा," ठकी ओरडली. "आई, चौदा होड्या चुकल्यात. आजोबाने दाखवल्या."

"हो का," लेक म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चपला काढल्या, दाराला पाठ लावून जमिनीवर बसली, भुंग्याला मांडीवर घेतलं आणि थोपटायला लागली. डोळे मिटलेले, हात चालू. आठवड्यातले सातही दिवस तो हात तसाच चालत असणार, हे बघून कळत होतं. मी म्हणालो, "मला जमलं नाही." ती म्हणाली, "असू दे, बाबा." ते दोन शब्द तिच्या आईचे होते. माझ्या कुठल्याही अपयशावर ही एवढंच म्हणायची. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी घड्याळात पाहिलं.

त्या दिवशी मिरवणूक गाठली, पण काही उपयोग झाला नाही. अस्वल दहा हातांवर आलं तेव्हा ठकी जमिनीवर लोळत होती. अस्वलाने वाकून हात पुढे केला. ठकीने त्याला "जा" म्हणून सांगितलं आणि ते गेलं. मग ते गेलं म्हणून ती आणखी रडली. लेक गर्दीत तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिली. लोक बाजूने जात होते.

मी तेवढ्यात थोडा लांब गेलो होतो. खरं सांगायचं तर लोकांनी पाहिलं की मला लाज वाटते. मोठ्या रस्त्याच्या कडेला सगळी खोटी दुकानं आहेत. खोटी न्हाव्याची खुर्ची, खोट्या पावांनी भरलेली काच. त्यातच एक टपालपेटी होती. एक बाई फरशीवरचे कागदी तुकडे झाडत होती.

"ही पेटी खरी आहे का हो?" मी विचारलं.

तिने झाडू थांबवला. "काका, इथे खरी एवढीच आहे. रोज संध्याकाळी पाचला माणूस येऊन टपाल काढतो. माझ्या देखत." मग माझ्या रिकाम्या हाताकडे पाहून म्हणाली, "टाकायचं असेल तर टाका. बघत काय बसलात?"

मी म्हणालो, "बघू."

तिसरा दिवस शेवटचा. सकाळी निघताना ठकीने बापाला बजावलं, "आज अस्वल." बाप म्हणाला, "आज पक्कं." त्याने दुपारी बाराला जाऊन मिरवणुकीच्या रस्त्यावर दोरीजवळची जागा धरून बसायचं ठरवलं. मुलांबरोबर खोलीत या वेळी लेक येणार होती. "तुम्हीही चला, पडून राहा जरा," ती मला म्हणाली. म्हणजे मला त्या कामावरून काढलं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं.

एक वाजता पडदे लागले. लेक मधोमध, एका बाजूला भुंगा, दुसऱ्या बाजूला ठकी. मी खिडकीजवळच्या खुर्चीत, पत्र ठेवलेलं ते पुस्तक घेऊन बसलो. लेक भुंग्याला थोपटत होती आणि ठकीला समजावत होती.

"डोळे मीट. अस्वलसुद्धा आता झोपलं असेल. झोपलं नाही तर चार वाजता त्याला चालवेल का? मग ते..."

वाक्य तिथेच थांबलं. पुढचा शब्द येईल म्हणून आम्ही तिघंही वाट पाहत होतो. मग भुंग्याच्या पाठीवरचा हात सुटला आणि गादीवर पडला. लेक झोपली होती. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर तसाच.

भुंगा उठून बसला. त्याने आईच्या चष्म्याकडे हात नेला. मी पुस्तक टाकून उठलो, या वयात कधी हललो नसेन इतक्या चटकन, आणि त्याला उचलून घेतलं. तो ओरडायला तोंड उघडत होता. मला काहीच सुचलं नाही, म्हणून मी पडदा बाजूला केला आणि त्याला बाहेरचं दाखवलं.

आमची खोली मागच्या बाजूला होती. खाली पार्कचं अंगण होतं, पाहुण्यांना न दिसणारं. पाण्याचे नळ, रचून ठेवलेल्या खुर्च्या, दोरीवर वाळत घातलेले पांढरे हातमोजे. झाडाच्या सावलीत एका लांब बाकावर अस्वल झोपलं होतं. म्हणजे अंग अस्वलाचं होतं आणि डोकं साध्या, टक्कल पडत आलेल्या माणसाचं. अस्वलाचं डोकं बाकाखाली नीट ठेवलं होतं, तोंड आमच्याकडे करून.

ठकी कधी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिने काचेला नाक लावलं होतं. आता संपलं, असं मी मनात म्हणालो. सहा महिन्यांचं अस्वल संपलं, आणि तेही माझ्यामुळे.

"त्याने डोकं काढून ठेवलंय," ती कुजबुजली.

"हो."

"झोपताना टोचत असेल."

"जड असतं ना ते."

"तू चष्मा काढतोस तसं?"

"तसंच."

तिने त्यावर विचार केला. मग माझ्या शर्टाची बाही ओढली. "आजोबा, हळू बोल. तो उठला तर चारला किरकिर करेल. मग कोण हात मिळवणार त्याच्याशी?"

आणि ती हळूच खिडकीच्या कठड्याला हनुवटी टेकून उभी राहिली. भुंग्याने तोंड उघडलं की ती त्याच्या ओठांवर बोट ठेवायची. भुंग्याला हा खेळ आवडला. तोही माझ्या ओठांवर बोट ठेवायला लागला. या वेळी मी कोणाला गप्प बसवत नव्हतो, मलाच बसवत होते. ते मला जमतं.

असे आम्ही किती वेळ राहिलो कोण जाणे. खालचा माणूस एकदा कुशीवर वळला तेव्हा ठकीने श्वास धरला. भुंगा माझ्या खांद्यावर गुणगुणायला लागला आणि मग गुणगुणणंही थांबलं. त्याला पलंगावर ठेवायची माझी छाती होईना. तो तसाच खांद्यावर राहिला.

टाकलेलं पुस्तक जमिनीवर उघडं पडलं होतं आणि त्यातून लेकीचं पत्र बाहेर आलं होतं. ठकीने ते उचललं.

"यावर तू रेघोट्या काढल्यास?" कुजबुजतच.

"रेघोट्या नाहीत. खुणा आहेत."

"ही कसली?"

तिचं बोट नेमकं हंसपदावर होतं. "इथे एक अक्षर पडलंय, असं सांगणारी," मी म्हणालो.

ती खाली वाकली आणि खुर्चीखाली पाहिलं. मग पलंगाखाली. "कुठे पडलंय?"

"तसं नाही गं. लिहिताना पडलं. तुझ्या आईच्या हातून."

ठकीने आईकडे पाहिलं. मग खात्रीने म्हणाली, "आई काही पाडत नाही. भुंगा पाडतो."

मीही लेकीकडे पाहिलं. ती जिथे वाक्य सोडलं होतं तिथेच होती. कूससुद्धा बदलली नव्हती. गालावर उशीची वळी उमटली होती आणि हात गादीवर उताणा पडला होता, बोटं सैल. त्या हाताला पहिल्यांदाच काही काम नव्हतं. मग मी पत्राकडे पाहिलं. तुम्ही घरात असलात तर दुपारी निजता येईल.

एकतीस वर्षांत मी हजारो पडलेली अक्षरं भरली. जे पडलंच नव्हतं ते भरून टाकणं ही आमच्या धंद्यातली सर्वांत वाईट चूक. लेखकाने जे म्हटलंय ते पुसून आपण आपलंच म्हणतो, आणि त्याला पत्ताही लागत नाही. छापखान्यातल्या थोरल्या मुद्रितशोधकाने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, शंका आली तर लेखकाला विचार, आपल्या मनाने घालू नकोस. मी विचारलं नव्हतं. तीन महिने मी न सांगितलेल्या कामाला 'जमेल का' म्हणून घाबरत बसलो होतो. तिने मुलांना निजवायला सांगितलंच नव्हतं. तिला झोप हवी होती.

मला रडू आलं नाही. एवढंच झालं की खांद्यावरच्या पोराचं वजन जाणवायला लागलं. तो बराच जड होता, आणि माझा खांदा कधीपासून दुखत असणार.

पावणेतीनला जावई आला. आम्ही वेळेत येतो की नाही, ही धास्ती त्याला होती. दोरीजवळची जागा तो शेजारच्या कुटुंबाला राखायला सांगून आला होता. त्याने दार उघडलं आणि ठकीने लगेच तोंडावर बोट ठेवलं. तो दारातच उभा राहिला. आधी बायकोकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"केव्हापासून?" त्याने ओठांनीच विचारलं.

"एक वाजून दहा मिनिटांपासून."

"दीड तास?" तो पलंगाजवळ आला. तिच्या नाकावरचा चष्मा त्याने दोन बोटांनी काढला, सवयीचं काम असावं तसा, आणि खिशात ठेवला. "भुंगा झाल्यापासून ही सलग दीड तास झोपलेली मी पाहिली नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. खिडकीपाशी उभा राहिलो."

"बाबा अस्वलाला राखत होते," ठकी म्हणाली. उत्साहात ती मला बाबाच म्हणून गेली.

जावयाने खिडकीतून खाली पाहिलं, अस्वलाचं बाकाखालचं डोकं पाहिलं आणि घाबरून ठकीकडे पाहिलं. "तुला... काही वाटलं नाही ना?"

"तो दमलाय," ठकी म्हणाली. "तुम्ही पण हळू बोला."

साडेतीनला लेक आपली आपण जागी झाली. काही वेळ तिला आपण कुठे आहोत ते कळेना. मग एकदम उठून बसली. "मुलं? किती वाजले? मी झोपले होते?"

"झोपली होतीस," मी म्हणालो.

"मला उठवायचं नाही का, बाबा?"

"नाही," मी म्हणालो. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला 'बघू' न म्हणता उत्तर दिलं होतं. तिच्याही ते लक्षात आलं असावं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग चष्मा शोधायला लागली.

सगळे तोंड धुऊन चपला घालत होते तेवढ्या वेळात मी हॉटेलच्या टेबलावरचा कागद घेतला. मसुदा केला नाही. पेन्सिल खिशातच राहू दिली, टेबलावरचं पेन घेतलं. लिहिलं ते असं:

'तुझ्या पत्रात मी एक व घातला होता. तो माझा, तुझा नव्हे. मी येतो. त्या बाईंना मागची खोली देऊ नकोस, माझी पुस्तकं तीन फळ्यांवर मावणार नाहीत पण बघू नाही, मावतील. मला मुलं निजवता येत नाहीत. ती जागी असताना मी त्यांच्याजवळ बसेन. दुपारी तू नीज.'

वाक्यरचना बिघडली होती, ते लिहितानाच दिसत होतं. कागद घडी करून पाकिटात घातला. तीन महिने पुस्तकात राहून पाकीट पार सपाट झालं होतं.

तोंडाने का सांगितलं नाही, असं कोणी विचारेल. ती दोन पावलांवर केस बांधत होती. पण तिने लिहूनच पाठवा म्हटलं होतं. आणि मला तोंडाने जमलंही नसतं.

चार वाजता मिरवणूक आली. अस्वल पुढे होतं, डोकं जागेवर, पांढरे हातमोजे धुतलेले. ठकी दोरीजवळ अगदी शांत उभी होती. अस्वल तिच्यासमोर थांबलं, वाकलं, हात पुढे केला. तिने तो हात दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. अस्वल क्षणभर तसंच वाकून राहिलं. मग त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढे गेलं.

"काय गं सांगितलंस त्याला?" लेकीने विचारलं.

"झोप झाली का विचारलं."

लेक हसली. मला वाटतं, या तीन दिवसांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, झोपेमुळे.

मी "आलोच" म्हणालो आणि गर्दीच्या मागून टपालपेटीकडे गेलो. कालचीच बाई तिथे झाडत होती. ती झाडू घेऊन जरा बाजूला झाली. पाच वाजायला अजून वेळ होता. पाकीट मी चिकटवलं होतं आणि आतला कागद परत वाचला नव्हता. एकही मुद्रित मी असं कधी पुढे जाऊ दिलं नव्हतं. हात पेटीच्या फटीपर्यंत गेला आणि शंका आली, 'नीज'मधला नी आपण दीर्घ काढला की ऱ्हस्व? आठवेना. पाकीट उघडून पाहता आलं असतं.

मी ते आत टाकलं.